गावाकडच्या माणसांना पैशाच्या आणि मोबाईलच्या कामात उपयोगी पडतील अशा खात्रीच्या साइट्स: इथे जमवूया

सुरंगी (लांजा)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. आमच्या वाडीत कोणाचं बँकेचं, पेन्शनचं, मोबाईलचं काही अडलं की लोक आमच्याकडे येतात, घरात कॉम्प्युटर आहे आणि प्रिंटर चालतो म्हणून. आणि दरवेळी हेच दिसतं की रिझर्व्ह बँकेने किंवा सरकारने फुकटात केलेली सोय असते ती कोणाच्या कानावर आलेली नसते, आणि व्हॉट्सअपवर फिरणारी कुठलीतरी लिंक मात्र सगळ्यांनी उघडलेली असते. म्हणून म्हटलं मूळ ठिकाणं एका जागी लिहून काढूया, म्हणजे कोणी विचारलं की हा धागाच पाठवता येईल.

सुरुवात मी करते. सगळ्यात जास्त काम झालं ते उद्गम पोर्टलचं. रिझर्व्ह बँकेचं आहे, ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं, पत्ता उद्गम डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. ज्या खात्यात दहा वर्षं काहीच व्यवहार झाला नाही त्यातले पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करते, पण खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क जात नाही, कधीही मागता येतात, व्याजाचं खातं असेल तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या दराने व्याजसुद्धा मिळतं. आपल्याकडे हे फार आहे हो. गिरणीत होते, गोदीत होते, पगाराचं खातं मुंबईला, मग संप झाला, गावी आले, खातं तिथेच राहिलं, पासबुक पेटीत. मुलांना माहीत पण नसतं.

मोबाईल नंबरने नोंदणी करायची, खातेदाराचं नाव टाकायचं, बँक निवडायची (सगळ्या एकदम पण निवडता येतात) आणि पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यातलं एक काहीतरी. जुन्या खात्यांना पॅन नसतोच, तेव्हा जन्मतारीख, आणि तीही जुळली नाही तर पत्त्याने शोधायचं. सापडलं तर एक संदर्भ क्रमांक येतो तो लिहून घ्यायचा. पैसे पोर्टलवर मिळत नाहीत, बँकेतच जावं लागतं. मार्च २०२४ पर्यंत ३० बँका जोडलेल्या होत्या, आणि त्या निधीतल्या साधारण ९० टक्के रकमेचा हिशेब त्यात येतो.

एकच विनंती, इथे तेच लिहा जे स्वतः किंवा घरच्यांसाठी वापरून बघितलंय. कुठे अडतं तेही लिहा. सहा महिन्यांत डबल, रेफरल कोड, क्रिप्टोचे ग्रुप वगैरे नकोत.

लेजरकाका (रत्नागिरी)

सुरंगीताई, फार चांगला विषय. मी बँकेत होतो, आता निवृत्त. उद्गमबद्दल एक भर घालतो. लोक जुन्या बँकेचं नाव यादीत शोधतात, सापडत नाही आणि सोडून देतात. बँका विलीन झाल्यात हे डोक्यात ठेवा. देना बँक आणि विजया बँक २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. सिंडिकेट २०२० ला कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, ओरिएंटल पंजाब नॅशनलमध्ये. आपल्याकडच्या जुन्या लोकांची खाती युनायटेड वेस्टर्नला पण होती, ती २००६ ला आयडीबीआयमध्ये गेली, आणि सांगली बँक २००७ ला आयसीआयसीआयमध्ये. तेव्हा पासबुकावर जे नाव आहे ते नको, आज जी बँक आहे ती निवडायची.

आणि स्पेलिंग. त्या काळात कारकुनाने जसं ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलंय. आडनाव ‘व्ही’ ने आणि ‘डब्ल्यू’ ने, दोन्हींनी शोधा. नुसतं नाव आणि आडनाव, मधे वडिलांचं नाव न घालता, तसंही करून बघा. कोकणी माणसाचं अजून एक असतं, मुंबईत गावाच्या नावाचं आडनाव लावलेलं आणि गावात कागदोपत्री वेगळंच. दोन्हींनी शोधायला हवं.

चाकरमानी_डोंबिवली

+१. वाचनखूण साठवली.

मी इथे, आईबाबा संगमेश्वरला, त्यामुळे लांबून काय करता येतं यावरच माझा सगळा अभ्यास. पहिलं म्हणजे आधारचं बायोमेट्रिक लॉक. गावात अंगठा लावून पैसे काढून देणारे असतात ना, ती सोय चांगली आहे, बँक लांब असते, म्हाताऱ्या माणसाला दारात पैसे मिळतात. पण त्याच रस्त्याने चोरी पण होते. काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून खोटे ठसे बनवले आणि लोकांच्या खात्यातून पैसे काढले अशा केसेस झाल्यात. त्याला ओटीपी लागत नाही, त्यामुळे मेसेज आला तरच कळतं. आधारच्या साइटवर किंवा आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं, फुकट, पाच मिनिटांचं काम. लॉक असताना कोणी अंगठा लावला तरी चालत नाही. लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडायचं, मग ते आपोआप परत बंद होतं.

फक्त आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा. आमच्या बाबांचा जुना बंद पडलेला नंबर जोडलेला होता, त्यासाठी आधार केंद्रावर जावंच लागलं.

माडबाग (गुहागर)

दादा, लॉक केलंत तर रेशनवर काय करायचं? आमच्याकडे दुकानात अंगठा लावल्याशिवाय तांदूळ मिळत नाही. आमच्या शेजारच्या आजींचं असंच मुलाने मुंबईतून लॉक करून टाकलं, आजी दुकानात दोनदा जाऊन परत आल्या, कोणाला कळेना अंगठा का लागत नाही ते. दुकानदार म्हणे मशीन खराब. आजींना वाटलं आपलं नावच काढलं. त्या रडकुंडीला आलेल्या.

चाकरमानी_डोंबिवली

बरोबर आहे तुमचं. हे ठरवून करायला हवं, घरातल्या माणसाला सांगून. आमच्याकडे रेशनचा दिवस ठरलेला आहे, त्या सकाळी आई फोन करते, मी इकडून उघडतो, ओटीपी तिच्या फोनवर येतो तो ती सांगते. पेन्शनवाल्यांचं पण तेच, नोव्हेंबरात हयातीचा दाखला अंगठ्याने दिला काय किंवा चेहऱ्याने दिला काय, लॉक उघडावं लागणार, कारण लॉकने चेहरा पण बंद होतो. तिथे आता चेहऱ्याने पण होतं, जीवन प्रमाणचं फेस ॲप आहे, माझ्या मोबाईलवर बाबांचा चेहरा धरला आणि झालं. उजेड चांगला हवा, आम्ही पडवीत बसून केलं. ८० च्या वरच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो.

ज्यांच्या घरी फोन बघणारं कोणी नाही त्यांनी लॉक करू नये असं मला पण वाटतं. त्यापेक्षा अंगठ्याने पैसे निघणारं खातं वेगळं ठेवा आणि त्यात थोडेच पैसे ठेवा.

खाडीपलीकडे (देवगड)

आंब्यावाल्यांसाठी लिहितो. सीझनमध्ये अनोळखी नंबरवरून फोन येतो, मी अमुक ठिकाणी लष्कराच्या कॅम्पवर आहे, साहेबांना पन्नास पेट्या हव्यात, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील. फोटो, ओळखपत्र, सगळं पाठवतात. हे दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या बागेत होतं. मी आमच्या गड्यांना, घरातल्या मुलांना, सगळ्यांना एवढंच घोकून सांगितलंय की पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपले जाणार. एवढं कळलं तरी पुष्कळ. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्या माणसाला यूपीआयवर ‘पैसे द्या’ अशी रिक्वेस्ट पाठवायची सोय बंदच केली आहे, त्यामुळे तो एक रस्ता बुजला, पण क्यूआरचा चालूच आहे.

आंब्याच्या दरासाठी मी पणन मंडळाची साइट बघतो, बाजार समितीनुसार आवक आणि दर असतात, वाशीचा आदल्या दिवशीचा दर बघितल्याशिवाय दलालाशी बोलत नाही. तिथे पेटीचा दर वेगळा, डझनाचा वेगळा, कुठला कशाचा ते बघून घ्यावं लागतं.

फळपीक विम्याचं मात्र लोकांना नीट समजत नाही म्हणून सविस्तर लिहितो. आपला आंबा-काजूचा विमा हवामानावर आधारित आहे. म्हणजे तुमच्या बागेत येऊन पंचनामा करून पैसे देणार असं ते नाही. तुमच्या महसूल मंडळाला जे हवामान केंद्र लावलेलं आहे तिथे अवकाळी पाऊस, जास्त तापमान, कमी तापमान किती दिवस किती नोंदलं गेलं त्यावर हिशेब होतो. तुमच्या बागेत मोहोर गळून पडला आणि केंद्राच्या जागी पाऊसच झाला नाही तर काही मिळत नाही, आणि उलटही होतं. डोंगराच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे ऊन हे आपल्याकडे रोजचं, त्यामुळे लोकांचा राग साहजिक आहे, मला पण येतो. पण निदान आपलं केंद्र कुठलं, आपल्या मंडळाची आकडेवारी काय, हे महावेधच्या (राज्यातल्या हवामान केंद्रांचं जाळं) नोंदींवरून मागता येतं, कृषी कार्यालयात विचारा. गारपिटीचं जादा संरक्षण घेतलं असेल तर तिथे मात्र ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, तेव्हा फोटो काढून लगेच कळवा. ई-पीक पाहणी केलेली हवी आणि शेतकरी ओळख क्रमांक काढलेला हवा. सातबारावर आंबा नोंदलेला नसेल तर पुढचं सगळं अडतं, आणि आपल्याकडे सामायिक सातबारा, वीस-पंचवीस नावं, त्यामुळे संमतीपत्रांसाठी आधीपासून मागे लागावं लागतं.

सातबारा सही केलेला हवा तर महाभूमीच्या डिजिटल सातबारा साइटवर १५ रुपयांत मिळतो, बँकेला चालतो. सेतूत जाऊन जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

सुरंगी (लांजा)

खाडीपलीकडे, हे विम्याचं एवढं नीट मला पण माहीत नव्हतं. धन्यवाद.

दर्यावर्दी (मालवण)

मालवणीत लिवतंय, समजून घेवा. बरा झाला ह्यो धागो काढलात तो.

माझो मोबाईल बाजारात चोरीक गेलो. पोरान सांगल्यान संचार साथीर जा, ती सरकारची मोबाईलची साइट. आदी पोलीस स्टेशनात तक्रार दिलंय, तेची प्रत घेतलंय, मगे दुकानात जावन त्याच नंबराचा नवा सिम घेतलंय कारण ओटीपी थयच येता. मगे संचार साथीच्या साइटीर फोनाचो आयएमईआय नंबर घालून ब्लॉक केलंय. तो नंबर फोनाच्या खोक्यार आसता, बिलार पण आसता. फोन हातात आसताना स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबल्यार दिसता, तो आजच खयतरी लिवन ठेवा. ब्लॉक केल्यार चोरान खयचाय सिम घातल्यान तरी फोन चलना नाय. गावलो तर परत उघडूक येता.

त्याच साइटीर आपल्या नावार किती सिम आसत ता पण दिसता. आमच्या शेजाऱ्याच्या नावार तीन सिम निघाली तेका माहीत नसलेली. ‘माझो नंबर न्हय’ म्हणान थयच कळवक येता.

आणि मासेमारी करणाऱ्यांका सांगतंय, हैदराबादचा इंकॉइस (दर्याची माहिती देणारी सरकारी संस्था) मासे खय गावतले तेचो अंदाज देता, फुकट. उपग्रहार पाण्याचा तापमान आणि शेवाळाचो रंग बघून सांगतत. दर खेपेक खरा होता असा नाय, पण वायच कमी फिराक लागता आणि डिझेल वाचता, आणि डिझेल म्हणजे आमचो सगळ्यात मोठो खर्च. ढग आसले की अंदाज येणा नाय, आणि १ जून ते ३१ जुलै बंदीत पण नाय. लाटांचो इशारो मात्र बारमाही बघा.

निळीशाई (चिपळूण)

दर्यावर्दी काका, फोन गेल्यावर आधी सिम हे फार महत्त्वाचं सांगितलंत. त्यासोबतच बँकेला फोन करून यूपीआय थांबवायचं, ते पण त्याच तासात.

मी कॉम्प्युटर-मोबाईल रिपेअरिंग करतो. सध्या दुकानात जे रोज येतं ते लिहितो. एपीके फाइल. व्हॉट्सअपवर येते, कधी पीएम किसानच्या नावाने, कधी आरटीओचं चलान, कधी लग्नपत्रिका, आणि ती बऱ्याचदा ओळखीच्या माणसाकडूनच येते कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो आणि त्याच्या फोनमधून सगळ्यांना आपोआप जाते. लग्नपत्रिका ही फोटो असते नाहीतर पीडीएफ. जिचं नाव शेवटी ‘डॉट एपीके’ असं आहे ती पत्रिका नव्हे, ते ॲप आहे. ते बसलं की तुमचे एसएमएस वाचायची परवानगी घेतं, म्हणजे ओटीपी थेट चोराकडे.

चुकून दाबलं गेलं तर घाबरून बसू नका. लगेच मोबाईल डेटा आणि वायफाय बंद, किंवा सरळ विमान मोड. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. दुसऱ्या फोनवरूनच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. मग त्या फोनवर (विमान मोड काढून, पण डेटा बंदच ठेवून) स्टार हॅश एकवीस हॅश करून कॉल दुसरीकडे वळवलेत का बघा, वळवले असतील तर हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश ने सगळं रद्द होतं. ते ॲप काढायला गेलं तर निघत नाही, कारण त्याने ॲक्सेसिबिलिटीची किंवा डिव्हाइस ॲडमिनची परवानगी घेतलेली असते, ती आधी काढा मग ॲप निघेल. तरी खात्री नसेल तर फोटो-नंबर वेगळे काढून फोन पूर्ण रिसेट करा. आणि पासवर्ड, पिन दुसऱ्या फोनवरून बदला, त्याच फोनवरून नको.

१९३० बद्दल लोकांना वाटतं पोलीस काय करणार. पण पहिल्या तास-दोन तासांत तक्रार गेली तर पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते अडवता येतात, तिथून पुढे काढले गेले की अवघड. सकाळी बँक उघडल्यावर जाऊ, नवरा आल्यावर सांगू, असं करत बसलं की संपलं. माझी कळकळीची विनंती आहे, घरात कोणाचे पैसे गेले तर आधी त्याला ओरडू नका. ओरडतील या भीतीने माणसं दोन-दोन दिवस सांगत नाहीत, विशेषतः बायका आणि म्हातारी माणसं, आणि तेवढ्यात पैसे कुठल्या कुठे जातात. सायबर क्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पण तक्रार होते.

अजून एक, ज्यांच्याकडे विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर बँकेचं काम करत असाल तर विंडोज ११ चालतंय का बघा, जुन्या मशीनवर चालत नसेल तर लिनक्स मिंट टाकून घ्या, फुकट आहे, ब्राउझर आणि लिबर ऑफिसमध्ये मराठी सगळं व्यवस्थित होतं. २०२१ च्या पुरानंतर इथे बऱ्याच जणांनी सेकंडहँड मशीन घेतलीत, त्यात हाच प्रश्न आहे.

कातळसडा (राजापूर)

आमच्याकडे नेटच नाही तर काय करायचं ते कोणी सांगा. टॉवर आहे पण पावसात वीज गेली की टॉवर पण जातो.

चाकरमानी_डोंबिवली

नेट नसलं आणि नुसती रेंज असली तर स्टार नव्याण्णव हॅश. त्याने शिल्लक बघता येते, पैसे पाठवता येतात, एका वेळी ५,००० पर्यंत. भाषा निवडता येते. साध्या बटणाच्या फोनसाठी यूपीआय १२३पे आहे, ती २०२२ ला आली. आणि स्मार्टफोन असेल पण नेट रडतखडत असेल तर यूपीआय लाइट लावा, त्यात आधी थोडे पैसे भरून ठेवायचे, जास्तीत जास्त ५,०००, आणि १,००० पर्यंतचा खर्च बिनपिनचा पटकन होतो. दुकानात दूध-भाजीला बरं पडतं, आणि मुख्य खात्याचं पासबुक दहा-वीस रुपयांच्या नोंदींनी भरत नाही. पण फोन हरवला तर त्यातले पैसे कोणीही खर्च करू शकतो, तेव्हा थोडेच ठेवा.

आईबाबांसाठी यूपीआय सर्कल पण बघा. खातं माझं, आई तिच्या फोनवरून पैसे देते, दरवेळी मला मंजुरी विचारायची किंवा महिन्याला १५,००० पर्यंत मर्यादा घालून मोकळीक द्यायची. आईच्या स्वतःच्या खात्याला हात लागत नाही.

वीज गेली, टॉवर गेला तर मात्र रोख पैसे. निसर्ग वादळाच्या वेळी जून २०२० मध्ये श्रीवर्धन-दापोलीकडे किती दिवस लाइट नव्हती ते आठवा. घरात पंधरा दिवसांचा खर्च नोटांत हवाच, तो पण सुट्ट्या नोटांत.

माडबाग (गुहागर)

पतसंस्थांबद्दल कोणी बोलत नाही. आमच्याकडे सगळे पैसे पतसंस्थेत ठेवतात, एक टक्का-दोन टक्के जास्त मिळतात आणि पिग्मीवाला घरी येतो.

लेजरकाका (रत्नागिरी)

ताई, बरं विचारलंत. हे स्पष्ट लिहितो कारण यात लोकांची आयुष्यभराची पुंजी अडकते.

बँकेतल्या ठेवीला विमा असतो, माणशी, बँकेमागे ५ लाख, मुद्दल आणि व्याज धरून, त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. ही मर्यादा आधी १ लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ झाली. सहकारी बँकांना पण आहे. पतसंस्थेला नाही. पतसंस्था सहकार खात्याखाली येते, रिझर्व्ह बँकेखाली नाही. नावात ‘अर्बन’ असेल, आतमध्ये काउंटर असेल, पासबुक असेल, तरी ती बँक नसू शकते. बँक आहे का हे बघायचं तर ठेव विमा महामंडळाच्या साइटवर विमा असलेल्या बँकांची यादी आहे, त्यात नाव शोधा.

बँकेवर निर्बंध आले तरी २०२१ च्या सुधारणेमुळे आता ९० दिवसांच्या आत विम्याचे पैसे मिळायची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हवर निर्बंध आले तेव्हा मुंबईत लोक रांगा लावून उभे होते, तिथे ५ लाखांपर्यंतवाल्यांना निदान आधार होता, त्याच्या वरचे मात्र टांगणीला होते. पुढे ती सारस्वतमध्ये विलीन झाली.

तेव्हा ५ लाखांच्या वर असेल तर दोन बँकांत विभागा.

माडबाग (गुहागर)

काका तुमचं पटतं पण आमच्या गावात बँकच नाही. जवळची बँक तालुक्याला, एसटीने जायचं, अर्धा दिवस जातो, आणि गेलं तर आज सर्व्हर बंद उद्या या. पतसंस्थेतल्या बाई नावाने हाक मारतात, सासूबाईंचं ऑपरेशन होतं तेव्हा संध्याकाळी सात वाजता पैसे काढून दिले त्यांनी. विमा नाही हे खरं पण आमच्या अडीअडचणीला तीच असते. सगळ्या पतसंस्था बुडव्या नसतात.

लेजरकाका (रत्नागिरी)

नसतातच. कोकणात उत्तम चाललेल्या पतसंस्था आहेत, माझं स्वतःचं खातं आहे एकीत. रोजची पिग्मी, छोटी गरज, सोनेतारण, यासाठी जरूर जा. दरवर्षी लेखापरीक्षणाचा वर्ग विचारा, ‘अ’ आहे का, अहवाल मागा, सभासद आहात तर सभेला जा आणि थकबाकी किती ते विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण निवृत्तीचे आलेले सगळे पैसे, जमीन विकून आलेले सगळे पैसे एकाच पतसंस्थेत ठेवायला मी कधीही सांगणार नाही. पोस्ट तुमच्या गावात असेल ना? पोस्टाच्या योजनांमागे सरकार आहे, तिथे ५ लाखांचा प्रश्नच येत नाही. ज्येष्ठांची बचत योजना ३० लाखांपर्यंत, मासिक प्राप्ती एका नावाने ९ लाख आणि जॉइंटला १५ लाख. व्याजदर दर तिमाहीला जाहीर होतात, इंडिया पोस्टच्या साइटवर बघा, फॉरवर्डमधला जुना आकडा धरू नका.

माडबाग (गुहागर)

पोस्ट आहे. पोस्टमन दादा चांगले आहेत. विचारते.

निळीशाई (चिपळूण)

बँकेच्या साइटचं एक नवीन राहिलं. रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं की ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्यांनी आपली साइट ‘डॉट बँक डॉट इन’ वर न्यायची. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो, कोणी भुरट्याने पैसे दिले म्हणून मिळत नाही. तेव्हा पत्ता वाचताना (सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्याच्या रेषा सोडून) पहिल्या तिरक्या रेषेच्या आधीचा शेवट बघायचा. बँकेचं नाव पत्त्यात कुठेतरी असून उपयोग नाही, शेवट महत्त्वाचा.

आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. कार्डाच्या मागे, पासबुकावर असतो तोच. होमस्टेवाल्यांनी गुगल नकाशावरचा स्वतःच्या घराचा नंबर पण अधूनमधून तपासा, कोणीतरी ‘सुधारणा’ सुचवून तिथे आपला नंबर घालतो आणि पर्यटकांचा ॲडव्हान्स त्याच्याकडे जातो. तारकर्ली, गणपतीपुळे, दिवेआगर सगळीकडचे लोक हे सांगतात.

तांबडीमाती (अलिबाग)

शेअर-म्युच्युअल फंडवाल्यांसाठी थोडक्यात. जुने फंड विसरले असतील तर सेबीचं (शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) ‘मित्र’ नावाचं पोर्टल, फेब्रुवारी २०२५ ला आलं. सगळे चालू फंड एकत्र बघायला एमएफ सेंट्रल. जुने कागदी शेअर, सात वर्षं न घेतलेला लाभांश, ते आयईपीएफ या सरकारी निधीकडे जातं, तिथे नावाने शोधता येतं, पण दावा करणं किचकट आहे, धीर धरा, एजंट निम्मे मागतात त्यांना देऊ नका. ब्रोकरला पैसे पाठवताना यूपीआय आयडीत ‘व्हॅलिड’ शब्द आणि हिरव्या त्रिकोणात अंगठा दिसतो का बघा, सेबीने १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत लोकांसाठी ही खूण आणली आहे. टेलिग्रामच्या ग्रुपवाल्यांकडे ती नसते.

कर्जाच्या ॲपचं, रिझर्व्ह बँकेच्या साइटवर जुलै २०२५ पासून डिजिटल कर्ज ॲप्सची यादी आहे, त्यात नाव नसेल तर लांब राहा. आणि वर्षातून एकदा आपला क्रेडिट रिपोर्ट (आपल्या नावावरच्या कर्जांच्या नोंदी) फुकट काढा, सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चारही कंपन्यांना वर्षाला एक फुकट द्यावाच लागतो. आपल्या पॅनवर दुसऱ्याच कोणी कर्ज काढलंय का ते त्यातच दिसतं.

कातळसडा (राजापूर)

मंडळी, लेजरकाकांनी सांगितलं तसं उद्गमवर आजोबांचं नाव दोन आडनावांनी शोधलं. गावच्या आडनावाने काही नाही, मुंबईतल्या आडनावाने सापडलं, परळची शाखा. आजोबा नाहीत, आजी आहे, बाबा आणि दोन आत्या. बँकेत विचारलं तर तोंडी सांगतात की कोर्टातून वारस दाखला आणा. खात्यावर नॉमिनी आहे की नाही ते पण सांगत नाहीत. काय करू? खरंच कोर्टात जावं लागतं का?

लेजरकाका (रत्नागिरी)

तोंडी ऐकून परत येऊ नका. संदर्भ क्रमांक घालून अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. अर्जात पहिला प्रश्न हाच की नॉमिनी किंवा जॉइंट नाव आहे का. असेल तर दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचं ओळखपत्र एवढ्यावर पैसे द्यायला हवेत, वारस दाखला मागता येत नाही.

नसेल तरी लगेच कोर्ट नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये याचे एकसारखे नियम काढले, ३१ मार्च २०२६ पर्यंत सगळ्या बँकांनी लागू करायचे असे. व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, वाद नसेल आणि मृत्युपत्र नसेल तर हमीपत्र आणि बाकी वारसांची ना हरकत यावर सोप्या पद्धतीने द्यायचं. पूर्ण कागद दिल्यापासून १५ दिवसांत निकाल. परळच्या खात्यात १५ लाख असण्याची शक्यता कमी, तेव्हा तुमचं यातच बसेल.

आडनाव दोन आहेत म्हणून एकाच माणसाची ही दोन नावं असं प्रतिज्ञापत्र लागेल, जोडीला गिरणीचं ओळखपत्र, जुनं रेशनकार्ड, काहीही त्या आडनावाचं. दोन्ही आत्यांची सही आधीच घेऊन ठेवा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार, फुकट आहे, वकील लागत नाही, माहितीला १४४४८ नंबर. त्यासाठीच पोच हवी.

कातळसडा (राजापूर)

काका, खूप आभार. एक आत्या खेडला असते, दुसरी वसईला. वसईची आत्या गावी येणार नाही लवकर, तिची सही तिकडेच नोटरीपुढे चालेल का?

लेजरकाका (रत्नागिरी)

बँकेचाच नमुना घ्या आधी, मग तो वसईला पाठवा. तिथल्या त्याच बँकेच्या शाखेत जाऊन सही करता येईल का, का नोटरीच हवी, हे अर्ज देतानाच लेखी विचारून घ्या. आणि आजीचं नाव वारसांत पहिलं लिहा, लोक विसरतात.

सुरंगी (लांजा)

कातळसडा, प्रतिज्ञापत्राचा मसुदा माझ्याकडे मराठीत टाइप केलेला आहे, आमच्या वाडीतल्या दोघांसाठी केला होता. नावं काढून इथे टाकते रात्री, लाइट असली तर. काका, तुम्ही एकदा नजर घाला त्यावर.